धूम्रपान : नाही

रुग्ण स्त्री, वय ६८, वजन ४१ किलो. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. तिथे जूनला सुरू झालेला पाऊस गणपती उठले तरी हटत नाही. घर कौलारू, शेती भाताची. मुलगा गोव्यात कामाला, घरी सून आणि दोन नातवंडं. ऑगस्टातल्या एका सोमवारी संध्याकाळी साडेसहाला सुनेनं त्यांना आमच्याकडे आणलं. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. आमचं हॉस्पिटल तालुक्याच्या ठिकाणचं, लहान. मी तिथे नर्स. एक्स-रे आणि साध्या रक्ततपासण्या रात्री आठपर्यंत होतात, रक्तातले वायू मोजायचं एबीजीचं मशीन नाही.

तक्रार अशी : पाच दिवस खोकला, दोन दिवस जेवण नाही, सकाळपासून दम. ताप नाही. ताप नव्हता हे सून पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू उशीर झाल्याचा हिशेब तिला कुणी मागत होतं. "ताप आला असता तर परवाच आणलं असतं अक्का. खरं अंग गारच होतं." (आमच्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण'.) तिची चूक नव्हती. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो तेव्हा ताप येईलच असं नाही. जेवण तुटतं, उठताना तोल जातो, माणूस एकाएकी गप्प होतो किंवा असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात वय झालं, आणि छातीत तोवर पाणी मुरत असतं.

संध्याकाळच्या ड्यूटीला माझी सहकारी नर्स होती. ती सौंदत्तीकडची, कन्नड बोलणारी. मराठी तेव्हा तिला 'पाणी', 'दुखतंय', 'झोपा' एवढंच येत होतं. वॉर्डात त्या वेळी एक सर्पदंशाची केस आणि दोन नवे तापाचे रुग्ण होते. तिच्या नोंदी अशा : नाडी ११२, रक्तदाब १०४/५८, ताप ९८.८, श्वास २०, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८४ टक्के. शुद्ध : गोंधळलेली, प्रश्नांना उत्तर देत नाही. सवयी : मिश्री. धूम्रपान : नाही.

या नोंदींतल्या तीन गोष्टींवर मी थांबणार आहे. बाकीचं झपाट्यानं सांगते.

रात्री आठला मी ड्यूटीवर आले. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा भरलेला दिसत होता. पाठीला स्टेथोस्कोप लावला की तिथे केस चुरगाळल्यासारखा बारीक आवाज, आणि दोन्ही बाजूंना शिट्टी. ही शिट्टी मी ऐकली, लिहिलीही, पण तिचं काय करायचं हे माझ्या डोक्यात आलं नाही. सेफ्ट्रियाक्सोनचा पहिला डोस साडेसातला गेला होता, अझिथ्रोमायसिन सुरू झालं होतं. एक बारीक गोष्ट सहकाऱ्याला मानावी लागेल अशी : सलाईन म्हणून आरएल (रिंगर लॅक्टेट) चालू होतं. आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रियाक्सोन त्याच्याशी एकाच नळीत गाठलं तर साका धरतं. तिनं आरएल बंद करून, नॉर्मल सलाईननं नळी धुऊन मग इंजेक्शन दिलं आणि तसं लिहूनही ठेवलं. घाईच्या वॉर्डात ही पायरी सहज गळते.

आता पहिली गोष्ट, श्वास २०.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट उघडा. नाडी ७८, ९२, ११०, ८४ अशी वरखाली होते, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, अठरा, वीस. मोजतं कोण? नाडीला हात धरावा लागतो, रक्तदाबाला पट्टा बांधावा लागतो, श्वासाला मात्र नुसतं उभं राहावं लागतं, आणि नुसतं उभं राहायला कुणाला वेळ नाही. मीही वर्षानुवर्षं वीस लिहिलेत. त्या रात्री आजींच्या मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात होते, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे पुढे काढून त्या श्वास सोडत होत्या. वीस हा आकडा त्या छातीचा नव्हता. मी नाडी बघतेय असं दाखवून मनगट धरून ठेवलं, कारण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस तो बदलतो. डोळे पोटावर, पूर्ण एक मिनिट. ३२.

दुसरी गोष्ट, गोंधळलेली.

सहकाऱ्यानं विचारलं होतं, "निम्म हेसरेनु? याव ऊरु?" नाव काय, गाव कुठलं. आजी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी खुर्ची ओढून कानाशी बसले. "आजी, आज वार कुठला?" दोन श्वासांत तोडून उत्तर आलं, "सोमार न्हवं... उपास हाय." श्रावणी सोमवार. सून म्हणत होती त्या दोन दिवसांच्या न जेवण्यातला एक उपवासाचा निघाला. गाव सांगितलं, नातवाचं नाव सांगितलं. साल विचारलं नाही. साल त्यांनी निरोगी असतानाही सांगितलं नसतं. शुद्ध पूर्ण जागेवर होती.

न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला कर्ब-६५ नावाची पाच गुणांची मोजणी वापरतात. नवा गोंधळ एक गुण, रक्तातला युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर एक, श्वास ३० किंवा जास्त एक, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी एक, वय ६५ किंवा जास्त एक. तीन किंवा अधिक म्हणजे गंभीर. संध्याकाळच्या नोंदींवरून : गोंधळ एक, रक्तदाब एक, वय एक, तीन. माझ्या मोजणीवरून : श्वास एक, रक्तदाब एक, वय एक, पुन्हा तीनच. युरिया ३८ होता, त्याचा गुण नाही. दोन चुका एकमेकींच्या आड लपल्या आणि बेरीज बरोबर आली. डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं, बेळगावला हलवा. सुनेनं मुलगा आल्याशिवाय नेणार नाही असं लिहून दिलं. मुलगा चोर्ल्याच्या घाटातून रात्रीचा निघणार होता, पाऊस धो धो, पोचायला पहाट. घरचा कर्ता माणूस आल्याशिवाय बेळगाव नाही, हे आमच्याकडे नवं नाही, आणि त्यावर चिडून काही होत नाही.

म्हणून रात्र आमच्याकडे. डोकं-छाती उंच करून बसतं ठेवलं. कुशीवर वळवायचं तर चांगलं फुप्फुस खाली, म्हणजे डावी कूस. पण सलाईन डाव्या हाताला होतं आणि आजी तो हात जपत सारख्या उजवीकडे कलंडायच्या. सुई उजव्या हाताला घेतली, प्रश्न सुटला. लघवी मापातून मोजली, दहा तासांत २५० मिली, ४१ किलोला पुरेशी. थुंकीचा नमुना आधी काळपट आला आणि सून घाबरली, रक्त समजून. रक्त नव्हतं, मिश्री होती. चूळ भरायला लावून, हिरड्या ओल्या कापसानं पुसून दुसरा नमुना घेतला : पिवळसर, चिकट. एक कल्चरला, एक टीबीच्या तपासणीला. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायकांची थुंकी तोंड न धुता घेऊ नये, एवढं इथे नोंदवून ठेवते.

ऑक्सिजन. ऑर्डर होती : ९४ च्या वर ठेवा. बोटं गार होती, ऑक्सिमीटर नाचत होता. तळवे चोळून गरम केले, आकडा ८५ वर स्थिर झाला. साधा मास्क, सहा लिटर. साडेदहाला ९६, श्वास २८. दीडला ९७, श्वास २२. साडेचारला ९८, श्वास १६.

हे चार आकडे मी स्वतःच्या हातानं, खरे मोजून लिहिले. श्वास उतरतोय, ऑक्सिजन चढतोय. समाधानानं लिहिले. आजी दोनपासून शांत झोपल्या होत्या आणि दोन रात्रींची जागी सून खाली चटईवर आडवी झाली होती. साडेसहाला तिनं थर्मासमधली पेज काढली. मीच म्हटलं, झोपू दे, उठल्या की दे. निव्वळ नशीब. त्या अवस्थेत पेजेचा चमचा तोंडात गेला असता तर सरळ श्वासनळीत उतरला असता. रात्री साडेआठनंतर मी आजींशी एकदाही बोलले नव्हते.

आठला हँडओव्हर. कालचीच सहकारी सकाळच्या ड्यूटीला. मी सांगितलं, "अज्जी बरी आहे, सॅच्युरेशन ९८, झोप लागलीय." तिनं चार्ट घेतला नाही, पलंगाशी गेली. काल ऑक्सिमीटर लावताना आजींनी तिचा हात झिडकारला होता, मास्क दोनदा ओढून काढला होता. आज तिनं मास्क हलवला, गालावर टिचकी मारली. आजींनी डोळे अर्धे उघडले आणि मिटले. "ई अज्जी निन्ने हिंग इरलिल्ल," ती म्हणाली. ही आजी काल अशी नव्हती. तिला आजींचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून काल ती त्यांच्या हातांकडे बघत बसली होती, आणि आज हात गप्प होते.

तिनं आजींचे दोन्ही हात पुढे धरले, पंजे मागे वळवले आणि सोडले. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडून पडले. तळवे गरम, घामेजलेले. काल रात्री मी चोळून गरम केलेले हेच तळवे. नाडी हाताला उड्या मारत लागत होती. मी कानाशी जोरात हाक मारली, तेव्हा एकच शब्द आला, "डोस्कं."

डॉक्टर येईपर्यंत मला कळून चुकलं होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता. ऑक्सिमीटर तो दाखवत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. १६ श्वास ही सुधारणा नव्हती, ती गुंगी होती.

आणि इथे तिसरी गोष्ट येते. धूम्रपान : नाही.

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, स्वयंपाक कशावर? "ग्यास हाय की. चहाला, पाव्हणं आलं तर. भाकरी, भात, अंघोळीचं पाणी चुलीवर." किती वर्षं? आजी लग्न होऊन आल्यापासून. पावसाळ्यात ओली लाकडं, बंद खिडकी, कौलांतून निघेल तेवढाच धूर. सकाळचा खोकला? "तो तर कायमचाच. हिवाळ्यात जास्त." चढ चढताना? "पाणंदीत दोनदा बसतात." पन्नास वर्षं चुलीचा धूर ओढलेल्या फुप्फुसाला विडी ओढलेल्या फुप्फुसासारखाच सीओपीडी होऊ शकतो, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार. पुढे काढलेले ओठ आणि दोन्ही बाजूंची शिट्टी मला रात्रीच ते सांगत होती. पण केस पेपरवर 'नाही' लिहिलं होतं आणि पुढचा प्रश्न त्या 'नाही'नं संपवला होता. बाईमाणसाला धूम्रपान विचारून आपण काय मिळवतो? धूर विचारायला हवा.

सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन भरमसाट दिला की काय होतं, हे कॉलेजात आम्हाला एका ओळीत शिकवलं : श्वास घेण्याची प्रेरणाच जाते. ते अर्धंच खरं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवत असतात. जादा ऑक्सिजन त्या वाहिन्या सैल करतो, रक्त पुन्हा निकामी भागात फिरायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता परत येतो. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं. म्हणून अशा रुग्णाचं लक्ष्य ९४ नसतं, ८८ ते ९२ असतं. न्यूज-२ या मोजणीत (रुग्ण जितका बिघडलेला तितके गुण जास्त) यासाठी ऑक्सिजनचा रकानाच वेगळा ठेवलाय : ऑक्सिजन चालू असताना ९८ ला नेहमीच्या रकान्यात शून्य गुण, अशा रुग्णांच्या रकान्यात तीन. साडेचारला मी लिहिलेल्या त्याच आकड्याला.

मास्क एकदम काढायचा नाही, हे महत्त्वाचं. घाबरून ऑक्सिजन बंद केला तर पातळी आधीच्याही खाली कोसळू शकते. पेटीत शोधून पांढरा व्हेंचुरी मिळाला, ऑक्सिजनचं प्रमाण ठरावीक ठेवणारा मास्क, २८ टक्क्यांचा, चार लिटरवर. नेब्युलायझेशन सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचं, ऑक्सिजनच्या नळीवर न देता कॉम्प्रेसरच्या साध्या हवेवर. हायड्रोकॉर्टिसोन. सहकारी दर पाच मिनिटांनी आजींच्या खांद्याला हात लावून हाक मारत होती, मराठीत : "आजी, डोळे उघडा." हे वाक्य तिला मी त्याच सकाळी शिकवलं. पाऊण तासात सॅच्युरेशन ९०, आणि आजींनी हाकेसरशी डोळे उघडून तिचा हात झिडकारला. त्या झिडकारण्यानं आम्हा दोघींना किती बरं वाटलं!

मुलगा साडेआठला पोचला होता. साडेनऊला अँब्युलन्स निघाली, ड्यूटी संपली होती तरी मी सोबत गेले. हायवेला लागतो न लागतो तोच अँब्युलन्सवर काम करणाऱ्या पोराचा हात ऑक्सिजनच्या फ्लोमीटरकडे गेला. "सिस्टर, नव्वदच आहे, वाढवू का?" त्यानं शिकवल्याप्रमाणेच केलं, वॉर्डात मीही तेच केलं होतं. मी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर जाड पेननं '८८ ते ९२' लिहिलं आणि आजींच्या मास्कच्या नळीला चिकटवला. बेळगावला उतरवून घेणाऱ्या सिस्टरनं ती पट्टी वाचली आणि काही न बोलता व्हेंचुरी तसाच ठेवला.

तिथल्या एबीजीत पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६८. दीड दिवस बायपॅप लागलं, मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. मास्क घट्ट बसायचा, नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला होता, सुनेनं फोनवर सांगितलं. तिथे वेळीच हायड्रोकोलॉइडची पट्टी लावली म्हणून कातडी फुटली नाही. थुंकीत टीबी नाही, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. नवव्या दिवशी घरी. डिस्चार्जच्या वेळी तोंडाची निगा, बसून जेवणं आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं न होणं सुनेला समजावून दिलं होतं.

फेरतपासणीला त्या आमच्याकडे ऑक्टोबरात आल्या, बेळगावचे कागद घेऊन. सहा आठवड्यांनंतरचा एक्स-रे स्वच्छ, स्पायरोमेट्रीत (जोरात फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) गुणोत्तर ०.५८, म्हणजे सीओपीडी पक्का. इन्हेलर स्पेसरसकट दिला होता. आजी तो दाबून मग श्वास घ्यायला विसरत होत्या, दाबणं सुनेकडे दिलं आणि जमलं. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी लिहून दिल्या होत्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत मी त्यांना एक कार्ड घालून दिलं, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला सहकाऱ्याच्या हातचं कन्नडमध्ये : फुप्फुसाचा जुना आजार, ऑक्सिजन ८८ ते ९२ ठेवा.

त्या दिवशी केस पेपर सहकाऱ्यानंच काढला. दोन महिन्यांत तिची मराठी वाढली होती. ड्यूटी डायरीच्या मागच्या पानावर कन्नड अक्षरांत लिहिलेली पंधरा-वीस वाक्यं होती. तिनं विचारलं, "आजी, स्वयंपाक कशावर करता?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं, "ग्यास म्याल." गॅसवर.

आम्ही दोघी बघतच राहिलो. "आजी, कन्नड येतं तुम्हाला?"

"बाजाराला जाते की गे. यायला नको?" आजी म्हणाल्या. "खरं दम लागला की मराठीच येतंय तोंडाला."

सून मागून हळूच म्हणाली, भाकरी अजून चुलीवरच आहे, गॅसवरची त्यांना गोड लागत नाही. सहकाऱ्यानं सवयींच्या रकान्यातल्या 'धूम्रपान : नाही'पुढे स्वल्पविराम दिला, लिहिलं : चूल, ५० वर्षं, चालू. मग मनगट धरून, नाडी बघतेय असं दाखवत, ती पूर्ण मिनिटभर उभी राहिली. २२.